एकशे दहावर राहिलेला पाना

मी पाना बोलतोय. चाकाचे नट आवळायचा पाना. तुमच्या गाडीत स्टेपनीखाली जो वाकडा दांडा पडलेला असतो, तो मी नव्हे. तो बिचारा मुका. त्याच्यावर लटकायचं, फार तर पाय देऊन उभं राहायचं, आणि नट घट्ट झाला की नाही ते आपलं आपण मनाशी ठरवायचं. मला मात्र बोलता येतं. एकच शब्द येतो, पण तो मी कधी उगाच काढला नाही. निदान पहिली चौदा वर्षं तरी नाही.

तो शब्द म्हणजे 'कट्'.

माझ्या मुठीवर आकडे कोरलेले आहेत, चाळीसपासून दोनशेपर्यंत. मूठ फिरवली की हवा तो आकडा येतो आणि आतली स्प्रिंग तेवढी दाबली जाते. मग मला नटावर चढवून ओढायचं. नट त्या आकड्याइतका घट्ट झाला की आतला खटका निसटतो आणि मी म्हणतो, कट्. म्हणजे पुरे झालं, आता हात थांबवा. कमी आवळलेला नट वाटेत सैल होतो. जास्त आवळला तर त्याचा बोल्ट ताणला जातो आणि एक दिवस तुटतो. या दोन्हीच्या मधली जागा दाखवायची, एवढंच माझं काम.

कारखान्यातली माझी आठवण म्हणजे चष्मा लावलेली एक बाई. तिने मला आडवं धरून मुठीला वजन टांगलं, माझी कट् पाच वेळा ऐकली आणि पाचही वेळा आकडा जुळल्यावर कार्डावर सही केली. मग लाल पेटी, पेटीत मऊ गादी आणि तीन महिने अंधार. झाकण उघडलं तेव्हा समोर मिस्त्री होता. त्याने मला दोन्ही हातांनी उचललं, कानाशी धरून मूठ फिरवली आणि स्वतःशीच हसला. हत्यार कानाला लावून बघणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे दोन गाड्या मावतील एवढी पत्र्याची शेड. मधे खड्डा, कोपऱ्यात हवेचं मशिन, दाराशी पाण्याचा नळ आणि मागच्या भिंतीवर एक मोठी फळी. फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती त्याने पिवळ्या रंगाने काढली होती. हातोडीच्या खिळ्यामागे हातोडीची, पकडीच्या खिळ्यामागे पकडीची. संध्याकाळी दुकान बंद करताना तो फळीवरून नजर फिरवायचा. कुठे रिकामी पिवळी आकृती दिसली, तर ते हत्यार सापडेपर्यंत घरी जायचा नाही. माझी आकृती अगदी मधोमध होती. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

कामात मिस्त्री घाई करायचा नाही. आधी तारेच्या ब्रशने बोल्ट आणि चाक टेकतं ती जागा घासून लख्ख करायची. आट्यांना तेल लावायचं नाही, कारण तेलावरून नट घसरत जातो आणि माझाही अंदाज चुकतो. नट पहिल्यांदा बोटांनी फिरवायचा. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका चढला आहे, काढा आणि पुन्हा लावा. गाडी जॅकवर असताना नट नुसते टेकवायचे. मग गाडी उतरवून टायर जमिनीला लागला की माझी पाळी. एक नट झाला की शेजारचा नाही, समोरच्या बाजूचा घ्यायचा. कागदावर एका रेषेत चांदणी काढतात तसा हात फिरायचा. एका बाजूने आवळत गेलं तर चाक तिरकं बसतं, म्हणून ही चांदणी.

आणि गाडीच्या मालकाला शेजारी उभं करून मोजायला लावायचा.

"मोजा मोठ्याने," तो म्हणायचा. "मी विसरलो तर तुम्हाला आठवलं पाहिजे."

"एक." कट्. "दोन." कट्. असे पाच. काम संपलं की तो माझी मूठ उलट फिरवून आकडा चाळीसवर आणायचा. आतली स्प्रिंग सैल व्हायची. "दमलास, बस आता," असं म्हणून मला खिळ्यावर अडकवायचा. स्प्रिंग दाबलेली ठेवली तर तिचा जीव जातो, हे त्याला कुणी शिकवलं मला माहीत नाही. चौदा वर्षांत तो एकदाही विसरला नाही.

त्याची आणखी एक खोड होती. चाक काढून बसवलं की तो स्टिअरिंगला लाल चिंधी बांधायचा. नवीन बसवलेलं चाक शंभर किलोमीटर पळलं की जरा बैठक घेतं आणि एखादा नट केसभर सैल पडू शकतो. म्हणून शंभर किलोमीटरनंतर पुन्हा यायचं, पाना लावून घ्यायचा आणि मगच चिंधी सुटायची. ती मिस्त्रीनेच सोडायची. लोक कुरकुर करायचे. निवृत्त हेडसर तर म्हणायचे, "मिस्त्री, बायको विचारते, गाडीला जखम झालीय का?" पण यायचे. चिंधी सुटली म्हणजे चाकाची काळजी संपली, हे आसपासच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

आता जे सांगायचं ते सांगतो. बराच वेळ टाळलं.

मिस्त्रीला एक धाकटी बहीण होती. तो तिला बारके म्हणायचा आणि ती त्याला दादा. ती छोट्या पांढऱ्या गाडीतून गावोगाव फिरून लोकांच्या चष्म्याचे नंबर तपासायची. नवरा लवकर गेलेला, तेरा वर्षांची एक मुलगी, ठकू. सुट्टीच्या दिवशी ठकू आईबरोबर गाडीत असायची आणि गॅरेजमध्ये आली की माझ्या मुठीवरचे आकडे वाचायची. तिच्या तोंडून मला आकडे ऐकायला आवडायचं.

त्या वर्षी बहिणीच्या गाडीच्या रिम पार गंजल्या होत्या.

"बारके, तुझी चाकं बघून लोक चष्माच काढून ठेवत असतील," मिस्त्री म्हणाला.

"तू आहेस ना हौशी. रंगव."

त्याने रंगवल्या. दोन दिवस खपून, चांदीच्या रंगाचे दोन हात मारले. रिमला जिथे नट बसतो तिथे वाटीसारखी खाच असते. इतरांच्या रिम रंगवताना मिस्त्री त्या खाचांवर चिकटपट्टी लावायचा, कारण नटाखाली लोखंडच हवं. बहिणीच्या गाडीवर मात्र त्याला एकही गंजका ठिपका ठेवायचा नव्हता. त्याने बारीक ब्रश घेतला आणि प्रेमाने खाचाही रंगवल्या.

पहिल्याच नटाला मला कळलं. लोखंडावर लोखंड बसतं तेव्हा शेवटचा हिसका कोरडा असतो. त्या दिवशी तो मऊ आला. नटाखाली रंगाची साय होती. पण आकडा भरला होता, एकशे दहा, आणि आकडा भरला की मला बोलावंच लागतं. आकड्याखाली काय आहे ते सांगायची सोय माझ्यात केलेली नाही. मी म्हणालो, कट्. ठकू शेजारी उभी राहून मोजत होती. चार चाकं, वीस नट, वीस वेळा.

चिंधी बांधली गेली. बहीण तीन दिवस फिरली आणि शंभर किलोमीटर पुरे झाल्यावर दुपारी शहाण्यासारखी परत आली. मिस्त्री एका इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसला होता.

"दादा, चिंधी सोड लवकर. मला उशीर होतोय."

"सोड की तूच."

"तुझा नियम आहे. मी नाही हात लावायची."

तो उठला. हात फडक्याला पुसले. मी फळीवर होतो, तीन पावलांवर. मी मोजली आहेत ती पावलं, तेवढंच काम होतं मला पुढे. त्याने फळीकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं. "अगं, मी लावलेत ते. दुसऱ्या कुणी नाही," असं म्हणून त्याने पुढच्या डाव्या टायरवर तळव्याने दोन थापा मारल्या. मग खिडकीतून हात घालून चिंधी सोडली. गिऱ्हाइकांना एकदाही न दिलेली सूट त्याने घरच्या माणसाला दिली. बहीण हसली, गाडी निघून गेली. त्याने चिंधी खिशात घातली आणि पुन्हा इंजिनात हात घातला.

दोन दिवसांनी उतारावर, एका मोरीच्या अलीकडे, पुढचं डावं चाक निघालं. ठकूचा हात मोडला. बहीण गेली.

तपासाला एक साहेब आले. शांत माणूस, तोही चष्म्याचाच. त्यांनी मला टेबलावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात पकडून मुठीवरच्या रेघेला वजन टांगलं. एकशे दहाच्या आकड्याला पंचवीस किलो लागतात. पंचवीसला मी बोललो, पाचही वेळा. साहेबांनी लिहून घेतलं, "पाना बरोबर आहे." मला तेव्हा बरोबर असल्याची लाज वाटली. मी चुकलेला निघालो असतो, तर मिस्त्रीला मला भट्टीत टाकता आलं असतं आणि काही वर्षांनी थोडी झोप लागली असती.

साहेबांनी रिमच्या खाचेतून चांदीच्या रंगाचा चुरा नखाने काढून दाखवला. दाबाने रंग चुरला, जागा मोकळी झाली, नट सैल पडत गेले. मिस्त्रीने मान हलवली. त्याला समजायला चुऱ्याची गरज नव्हती.

"शंभर किलोमीटरनंतर गाडी आली होती?" साहेबांनी विचारलं.

"आली होती."

"पाना लावून बघितलात?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी व्हाइसमध्ये आडवा होतो, वजन अजून टांगलेलं होतं.

"हो," तो म्हणाला.

साहेबांनी तेही लिहून घेतलं. रंगाला आणि नशिबाला दोष देऊन कागद मिटले. त्या दिवशी त्या शेडमध्ये खोटं एकाच्या तोंडून निघालं आणि ते ओळखणारा एकच साक्षीदार होता, ज्याला एकच शब्द येतो.

साहेब गेल्यावर मिस्त्रीने मला व्हाइसमधून सोडवलं आणि टेबलाच्या खालच्या खणात ठेवलं. खिशातली चिंधी माझ्या अंगावर टाकली. खण बंद केला. आकडा चाळीसवर आणायला तो विसरला, की त्याने मुद्दाम आणला नाही, हे मला अजून सांगता येत नाही.

अकरा वर्षं मी एकशे दहावर होतो.

तुम्ही कधी मूठ आवळून बसला आहात? थोड्या वेळाने हात कापायला लागतो. मला कापताही येत नाही. आतली स्प्रिंग दाबलेली, समोर नट नाही, चाक नाही, बोलायला काही नाही. पहिली काही वर्षं मी मनाशी मोजत राहिलो, एक, दोन, तीन. पुढे मला जाणवायला लागलं की स्प्रिंग पूर्वीसारखी उलट रेटत नाही. ती खचत होती. माझा आकडा बाहेरून एकशे दहा दिसत होता आणि आतून रोज थोडा थोडा खोटा होत होता.

बाहेर मिस्त्रीचंही तेच चाललं होतं. तो नट आता फुलीच्या पान्याने आवळायचा, चार तोंडांच्या त्या मुक्या पान्याने, आणि वर दोन्ही पाय देऊन उभा राहायचा. घट्ट, आणखी घट्ट. बोल्ट ताणल्याचा आवाज मला खणातून ऐकू यायचा. एकदा हेडसर आले ते तापलेलेच.

"मिस्त्री, पंक्चर झालं तर चार तास रस्त्यावर उभा होतो मी. नट हलेना. शेवटी बोल्टच मोडला. चाक बसवलं होतंत की गाडलं होतंत?"

मिस्त्रीने बोल्टांचा खोका पुढे ओढला. पूर्वी हेडसरांना तो एकाला दोन ऐकवायचा. त्याने नवा बोल्ट बसवला आणि पुन्हा त्यावर पाय देऊन उभा राहिला. हेडसर फळीकडे बघत राहिले, जिथे मधोमध माझी पिवळी आकृती रिकामी होती.

आणि त्याला मी ऐकू यायचो. दुपारी शेडमध्ये कुणी नसलं की तो एकदम हातातलं काम थांबवायचा. मग पावलं, मग खण उघडायचा.

"बोललास?" तो विचारायचा.

मी नव्हतो बोललो. पत्रा तापतो, लोखंड फुगतं, कुठेतरी कट् होतं. असं मी स्वतःला सांगायचो. पण पत्र्याचा आवाज मला कळतो. तो पसरट असतो. हा आवाज कोरडा आणि नेमका होता. चार वेळा यायचा आणि मग बराच वेळ काहीच नाही. त्या पाचव्याची वाट बघत आम्ही दोघं तिथे असायचो, तो खणाबाहेर आणि मी खणात. कधी तो यायचा, कधी नाही.

ठकू आत्याकडे वाढली, लांबच्या शहरात. मिस्त्री तिला फोन करायचा, पण भेटायचं टाळायचा. मग एका सकाळी दाराशी गाडी थांबली, 'मामा' अशी हाक आली आणि मी तो आवाज ओळखला. मोठी झाली होती, आवाज भरला होता, पण आकडे वाचणारी तीच.

"मामा, चहा नंतर. आधी काम सांगते." ठकू आता चोवीस वर्षांची होती. वजनं आणि मापं तपासायच्या खात्यात लागली होती. दुकानातले काटे, पेट्रोलचे पंप, जे जे म्हणून आकडा सांगतं ते खरं सांगतं का, हे बघायचं तिचं काम. बदली झाली होती, तीनशे किलोमीटरवर. "जुनी गाडी घेतलीय, टायर नवे आणलेत. चारही चाकं तू बसव. उद्या हजर व्हायचंय."

मिस्त्रीने चाकं उतरवली, नवे टायर चढवले, चाकं परत लावली. त्याचा हात फुलीच्या पान्याकडे गेला.

"त्याने नको," ती म्हणाली. "आपला पाना कुठाय?"

तिने फळीवरची रिकामी आकृती पाहिली होती. मिस्त्रीने फुलीचा पाना खाली ठेवला. मग खण उघडला. उजेड आला. तिने चिंधी पाहिली आणि नजर फिरवली.

तिच्या गाडीलाही एकशे दहाच लागत होते. मिस्त्रीला मूठ फिरवावी लागली नाही. त्याने मला पुढच्या डाव्या चाकाच्या नटावर चढवलं. अकरा वर्षांनी त्याचा तळवा माझ्यावर होता आणि तो ओला होता.

मला ओरडायचं होतं. माझी स्प्रिंग मेली आहे, मी लवकर बोलेन, माझं ऐकू नकोस. पण माझ्याकडे शब्द एकच आणि तोच शब्द खोटा. मी होता होईल तो खटका धरून ठेवायचा प्रयत्न केला. लोखंडाला असं काही धरून ठेवता येत नाही.

"एक," तो म्हणाला. कट्.

"दोन." कट्.

ठकूने मोजायला सुरुवात केली होती, त्याच्या बरोबरीने, तेरा वर्षांची असताना मोजायची तशी. तीन, चार, पाच. मिस्त्रीच्या चेहऱ्यावर कधी नव्हे तो थोडा उजेड आला. तो उठला, आणि हाताला जुनी सवय आठवली. टायरवर थाप मारायला तळवा वर गेला.

तो तिथेच राहिला. टायरच्या वर, हवेत.

"मामा?"

"ठकू, मी खोटं बोललो होतो." त्याने हात खाली घेतला आणि दुसऱ्या हाताने तो धरून ठेवला. "तुझी आई चिंधी सोडवायला आली तेव्हा मी पाना लावलाच नाही. टायरवर थाप मारली आणि सोडली चिंधी. साहेबांना सांगितलं, बघितलं म्हणून. पाना इथे होता, इथे, तीन पावलांवर."

बाहेर एक सायकल गेली, तिची घंटी वाजली.

"मी मागच्या सीटवर होते," ठकू म्हणाली. "चाकातून आवाज येत होता. टक, टक, टक. मी आईला म्हटलं, गाडी थांबव. ती म्हणाली, 'अगं, मामाने चिंधी सोडलीय. काही नसतं.' मला अकरा वर्षं वाटतंय की मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं."

मिस्त्री खाली बसला, खड्ड्याच्या काठावर. "ते तुझं नाही गं. ते माझं आहे."

"मला राग आलाय. थांब जरा, बोलू नकोस." ती नळापाशी गेली आणि पाण्याखाली हात धरून उभी राहिली. हात कधीच स्वच्छ झाले होते. परत आली तेव्हा चेहरा ओला होता आणि आवाज खात्यातला होता.

"तो पाना इकडे दे."

तिने मला व्हाइसमध्ये आडवं पकडलं. गाडीतून काटा काढला, डबा आणला, मुठीवरच्या रेघेला टांगला आणि लोट्याने हळूहळू पाणी ओतायला लागली. मला ती चष्म्याची बाई आठवली. मला साहेब आठवले. दहा किलो, पंधरा, अठरा. मी बोललो.

"एकोणीस," काटा बघून ती म्हणाली. पुन्हा केलं. पुन्हा एकोणीस. "एकशे दहा सांगतोय आणि चौऱ्यांशीला बोलतोय. ठेवताना सैल केला होतास?"

"नाही."

"म्हणजे आत्ताचे पाचही कच्चे आहेत."

मिस्त्रीने त्या चाकाकडे पाहिलं. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला सुटका म्हणतात, असं मी नंतर ठरवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं खरं ऐकलं होतं.

तिने डिकीतून स्वतःचा पाना काढला, खात्याचा, शिक्का असलेला.

"तुझ्याकडे होता तर मग हा कशाला मागितलास?" मिस्त्रीने विचारलं.

"तुझ्या हातात बघायचा होता," ती म्हणाली. "लाव आता."

त्याने पहिल्यापासून लावले. तो पाना बोलायच्या आधी ते पाचही नट आणखी थोडे फिरले, मग उरलेले पंधरा झाले. तिने वीसही मोजले. शेवटी मिस्त्रीने खणातली जुनी चिंधी काढली, झटकली आणि स्टिअरिंगला बांधली.

"शंभर किलोमीटरला मी थांबेन, मामा. पाना आहे माझ्याकडे. मीच बघेन."

"चिंधी मी सोडतो," मिस्त्री म्हणाला. "सामान मागे टाक. शंभर किलोमीटर येतो मी, तिथून बसने परत येईन."

"भर उन्हात रस्त्यावर नट तपासायला?"

"हो."

पुढच्या सीटवरची पिशवी तिने मागे टाकली.

निघण्याआधी तो माझ्याकडे आला. मूठ उलट फिरवली. शंभर, नव्वद, सत्तर. अकरा वर्षांचा दाब एकेक आकडा खाली उतरत होता. चाळीस. "दमलास" असं तो म्हणाला नाही, पण मला त्याने कानाशी धरलं. ठकूने माझ्या अंगावर एक लाल चिठ्ठी चिकटवली, "वापरू नये". मग मला पिवळ्या आकृतीवर अडकवलं आणि ते गेले.

संध्याकाळी तो धुळीने माखून परतला. कुलूप काढून आधी माझ्यापाशी आला.

"वीस नट," तो म्हणाला. "एकोणीस जागच्या जागी होते. मागच्या डाव्या चाकाचा एक, बोलायच्या आधी केसभर सरकला. चिंधी तिने मागून घेतली, तिच्याकडेच राहू दे म्हणाली." मग तो स्टुलावर बसला आणि बराच वेळ रडला. मी तिथे होतो.

आता माझं काम संपलं आहे. माझ्या जागी नवा पाना आला आहे, फळीवर त्याची वेगळी आकृती काढली आहे. फुलीचा पाना फक्त नट सोडवण्यापुरता उरला. तुमच्याकडे एकच मागणं आहे. नटाखाली काही राहू देऊ नका, प्रेमाने लावलेलंसुद्धा. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावा, आणि घरच्या माणसाच्या गाडीला आधी लावा. काम झालं की आमची मूठ सैल करून ठेवा.

एक सांगायचं राहिलं. आजही कधी भर दुपारी, शेडमध्ये कुणी नसताना, तो आवाज येतो. कट्, कोरडा आणि नेमका. मिस्त्री मान वर करून माझ्याकडे बघतो. मी चाळीसवर आहे, सैल आहे, बोलायची ताकदच माझ्यात उरलेली नाही.

"तू नाहीस ना?" तो विचारतो.

मी नाही, मिस्त्री. पण ऐकलं मीही.

मग तो नवा पाना काढतो, पुढ्यातल्या गाडीपाशी बसतो आणि पाचही नट पुन्हा एकदा बघतो.